ब्रा धुवायची कशी, वाळवायची कुठे

हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या आमच्या घराची गच्ची तीन बाजूंनी शेजारच्या खिडक्यांना लागून आहे. सकाळी नवाच्या सुमाराला आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरच्या दोऱ्या भरतात. साड्या, परकर, शाळेचे गणवेश, लुंग्या, चादरी, सगळं असतं. ब्रा मात्र एकही दिसत नाही. ती परकराच्या खाली असते, टॉवेलच्या आड असते, नाहीतर न्हाणीघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेली असते. मीसुद्धा लग्न होऊन इथे आल्यापासून कित्येक वर्षं हेच केलं. एका पावसाळ्यात छातीखाली लाल चट्टा उठला, खाज थांबेना, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चट्टा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आतले कपडे वाळवता कुठे?" मी खरं ते सांगितलं. मलम लिहून देताना त्या म्हणाल्या, "आधी ते टॉवेल काढा."

त्या दिवसापासून मी या साध्या वस्तूकडे नीट पाहायला लागले. बहुतेक ब्रा अंगावर झिजून जात नाहीत. त्या मोरीत आणि दोरीवर बिघडतात.

चोळीची सवय, ब्राचं कापड

आपलं धुणं धुण्याचं शिक्षण सुती कापडावर झालेलं आहे. माझ्या आजीच्या अंगात खणाची चोळी असायची, पुढे गाठ मारायची. त्या चोळीत ताणलं जाणारं काहीच नव्हतं. ती साबण लावून घासली, दगडावर आपटली, पीळ देऊन पिळली आणि रखरखत्या उन्हात टाकली तरी तिचं काही बिघडत नसे. उलट ऊन लागलं की ती अधिक स्वच्छ वाटे.

ब्राचं घराणंच वेगळं. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी १९१४ साली तिचं पेटंट घेतलं तेव्हा तीसुद्धा कापड आणि फितीचीच होती. पुढे तिच्यात रबराचं इलॅस्टिक आलं. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स नावाचा धागा तयार केला. लायक्रा हे त्याचंच एक बाजारातलं नाव. हा धागा आपल्या लांबीच्या पाचपट ताणला तरी परत जागेवर येतो. आज सुती म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्राच्या पट्ट्यातही तो असतो. म्हणजे अंगावर घालतो ती वस्तू अर्धी कापडाची आणि अर्धी इलॅस्टिकची, आणि धुतो मात्र आपण तिला आजीच्या चोळीसारखी.

इलॅस्टिक कशाने मरतं

घरात एखादी टाकाऊ ब्रा असेल तर काढा. पाठीवरचा पट्टा दोन्ही हातांत धरून कानाजवळ हळूच ताणा. बारीक करकर ऐकू येते. उजेडात धरलं की शिवणीतून पांढरे, केसाएवढे तंतू बाहेर आलेले दिसतात. ते तुटलेले इलॅस्टिकचे धागे. एकदा ते तुटले की कुठल्याही साबणाने किंवा शिलाईने तो ताण परत येत नाही. पट्टा लोंबायला लागतो.

हे धागे मारणाऱ्या गोष्टी चारच आहेत. उष्णता पहिली: कढत पाणी, मशीनमधला गरम वारा, इस्त्री, दुपारचं ऊन. क्लोरीनचं ब्लीच दुसरं. पांढरं करायच्या नादात एक-दोनदा ब्लीच लावलं तरी धागा पिवळा आणि कच्चा होतो. तिसरी गोष्ट अंगाचं तेल आणि घाम. ब्रा दिवसभर त्वचेला चिकटून असते. घामातलं मीठ, तेल, डिओडरंट हे सगळं धाग्यात मुरतं आणि त्याला आतून पोखरतं. म्हणून "धुतली की खराब होते, कमी धुवा" हा सल्ला हैदराबादच्या उन्हाळ्यात चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा रोजची ब्रा रोजच धुवावी. थंडीत घाम नसेल तर न धुता दोनदा वापरायला हरकत नाही, पण सलग नाही, आणि मधल्या वेळात ती हवेशीर ठिकाणी टांगलेली असावी.

राहिला पीळ. ओलं असताना ताणून पिळलं की धागा, शिवण आणि कपाचा आकार तिन्ही एकदम जातात. मी पाहिलेल्या बिघडलेल्या ब्रांपैकी निम्म्या तरी पिळून मेलेल्या आहेत.

पाणी : नळाचं आणि बोअरचं

ब्रा कशी धुतली जाते ते पाण्यावरही ठरतं, आणि आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या पुराने या भागाची दैना केली. त्यानंतर पूर अडवायला नदीच्या वरच्या अंगाला धरणं बांधायचं ठरलं, आणि १९२० साली गंडीपेटचा उस्मानसागर पुरा झाला. शहराला या तलावाचं पाणी मिळू लागलं. नंतर हिमायतसागर, मांजरा, कृष्णा, गोदावरी अशी भर पडत गेली. तलाव-नदीचं हे नळाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ असतं. पण नळ ठरावीक वेळीच येतो आणि बाकीचा वेळ बहुतेक इमारती बोअरवर चालतात. खाली खडक ग्रॅनाइटचा. त्याच्या भेगांतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. बादलीच्या कडेला जो पांढरा थर साचतो तो त्याचाच.

तुमचं पाणी कसं आहे ते घरीच कळतं. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात आंघोळीच्या साबणाचे चार-सहा कीस टाकून जोरात हलवा. मऊ पाण्याला भरपूर फेस येतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. जड पाण्याला फेस येत नाही, पाणी ताकासारखं होतं आणि वर फाटलेल्या दुधासारखे कण तरंगतात. ते कण म्हणजे साबण आणि क्षार यांचा साका. हाच साका कपड्याच्या विणीत अडकतो. पांढरी ब्रा करडी दिसायला लागते आणि कप खरखरीत होऊन टोचतो. आपल्याला वाटतं मळ राहिला, म्हणून आणखी साबण लावतो आणि साका आणखी वाढतो.

नळ येण्याच्या वेळी एक बादली भरून बाजूला ठेवली तर हा प्रश्नच मिटतो. ब्राला लागतं तरी किती पाणी!

आंघोळीच्या वेळची सवय

आतले कपडे धुणंवालीला द्यायचे नाहीत, हे आपल्या घरांतून मुलींना न सांगता कळतं. म्हणून बहुतेक जणी आंघोळ झाली की तिथल्या तिथे, उरलेल्या गरम पाण्यात, हातातल्याच साबणाने ब्रा चोळून टाकतात. मीही केलं आहे. पण यात दोन चुका एकदम होतात. गिझरचं पाणी इलॅस्टिकला फार गरम असतं आणि आंघोळीचा साबण जड पाण्यात साका धरतो. धुण्याची निळी वडी ब्रावर घासणं तर त्याहून वाईट. ती वडी घासून घासून लेस आणि शिवण उसवते, आणि तिच्यातला सोडा पट्ट्यात राहून गेला तर अंगाला खाज सुटते.

लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांसाठी मिळणारा पातळ साबण यासाठी सगळ्यात बरा. तो सौम्य असतो आणि थंड पाण्यात विरघळतो. आजींच्या काळचा रिठाही उत्तम. पैठण्या आणि शाली आपण त्यानेच धूत आलो. रिठ्याचा फेस साबणाचा नसतो, म्हणून जड पाण्यातही तो साका धरत नाही. बेगमबाजारात किराण्याच्या दुकानी रिठे किलोवर मिळतात. चार-पाच रिठे बिया काढून रात्री भिजत घालावे, सकाळी कुस्करून गाळून घ्यावे. पांढऱ्या ब्रासाठी मात्र ते पाणी वापरू नये, त्याला स्वतःचाच तपकिरी रंग असतो.

आणि वेळेबद्दल एक. गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी मे महिन्यात दुपारी इतकी तापते की थंड म्हणून सोडलेला नळ चटका देतो. तेव्हा उन्हाळ्यात ब्रा सकाळी उठल्या उठल्या धुवा, नाहीतर पाणी भरून निवू द्या.

हाताने धुताना

एक छोटा टब घ्या. अर्धा टब साधं थंड पाणी, त्यात लहान चमचाभर पातळ साबण. साबण आधी पाण्यात पूर्ण मिसळायचा, मग ब्रा टाकायची. त्यापूर्वी हुक लावून घ्यायचे. उघडे हुक शेजारच्या ब्राची लेस ओढतात. दहा ते पंधरा मिनिटं भिजू द्या. रात्रभर भिजत ठेवण्याचा काही फायदा नाही, रंग उतरतो आणि पाण्याला वास येतो.

मग तळहाताने दाबायचं आणि सोडायचं, कणीक तिंबताना हलका हात ठेवतो तसं. घासायचं फक्त तीन ठिकाणी आणि तेही बोटांच्या पेरांनी: काखेजवळची कड, छातीखालचा पट्टा आणि खांद्यावरच्या पट्ट्यांची आतली बाजू. घाम साचतो तो इथेच. कपाला चोळायची गरज नसते.

दोनदा-तीनदा स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. बोटांना बुळबुळ लागेनाशी झाली की झालं. कपड्यांना मऊपणा आणणारं सुवासिक द्रव्य यात घालू नका. ते धाग्यावर थर धरतं, मग कापड घाम टिपत नाही.

पिळायचं नाही हे पुन्हा सांगते. दोन्ही तळव्यांमध्ये धरून पाणी दाबून काढा. फोमचा कप असेल तर एका सुक्या टॉवेलवर ब्रा पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि वरून हाताने दाबा. टॉवेल निम्मं पाणी पिऊन घेतो. गुंडाळी सोडल्यावर कप आतून मुठीने गोल करून घ्या. ओला असताना पडलेली घडी सुकल्यावर कायमची बसते.

भिजण्याचा वेळ सोडला तर हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

मशीनमध्ये टाकायचीच असेल तर

ज्यांना सकाळी सातची बस गाठायची असते त्यांनी मशीन वापरावी, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. बारीक चेन असलेली जाळीची पिशवी आणा. हुक लावून ब्रा पिशवीत, पिशवी मशीनमध्ये. पाणी थंड, चक्र नाजूक कपड्यांचं, पिळण्याचा वेग कमीत कमी. जीन्स आणि चादरींसोबत नको. मशीनच्या वाळवणीच्या चक्रात तर कधीच नको.

वायरच्या ब्रा मात्र हातानेच धुवा. वायर एकदा वाकली की छातीला टोचते आणि शिवणीतून निसटली तर मशीनच्या ड्रममध्ये अडकते. वायरचं टोक नुकतंच बाहेर डोकावत असेल तर ते आत सरकवून वर जाड दोऱ्याने दाट टाके घाला. ब्रा आणखी काही महिने चालते.

ब्राला शिवलेली छोटी पट्टी कापून टाकण्यापूर्वी एकदा वाचा. टबात हात म्हणजे हाताने धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात वर्तुळ आणि त्यावर फुली म्हणजे मशीनमध्ये वाळवू नका.

डाग

हळदीचा डाग पाहून घाबरू नका. साबण लागला की तो लालभडक होतो. साबणाच्या क्षारामुळे हळदीतल्या रंगद्रव्याचा रंग पालटतो, एवढंच. साबण धुवून टाका आणि डाग तेवढा थोडा वेळ उन्हात धरा. हळदीचा रंग उन्हात उडतो. ऊन नको म्हणून मी पुढे सांगणार आहे, त्याला हा एक अपवाद.

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ब्रावर दुधाचे डाग पडतात, ते आधी थंड पाण्यात धुवावे. गरम पाण्याने दूध कापडात शिजून बसतं. रक्ताचंही तसंच. दिवाळीत अभ्यंगाचं तेल अंगावर असताना चांगली ब्रा घालू नये, जुनी घालावी. हुकाच्या गंजाचा डाग सुती कापडावर असेल तर लिंबू-मीठ लावून पाहावं. आणि पांढऱ्या फोमच्या कपावर येणारा पिवळेपणा दरवेळी मळाचा नसतो. हवेने आणि उजेडाने फोम आपोआप पिवळा पडतो, तो घासून जात नाही.

वाळवणं

सगळं बरोबर करून ब्रा टॉवेलखाली टाकली तर सगळं वाया. फोमचा कप दोन कापडी थरांत स्पंज भरल्यासारखा असतो. त्याला सगळ्या बाजूंनी वारा लागला तर तो सुकतो. वर टॉवेल असला की बाहेरून हाताला कोरडा लागतो आणि आत ओल तशीच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांत कुबट वास येतो, चार दिवसांत शिवणीजवळ बारीक काळे ठिपके दिसतात. ती बुरशी. हुक गंजतात. आणि ती ओल दिवसभर अंगाला लागून राहते.

वारा पाहिजे, पण दुपारचं थेट ऊन नको. आपल्याकडे "कपड्याला ऊन लागलंच पाहिजे" असं म्हणतात, आणि सुती चादरीसाठी ते खरंही आहे. इलॅस्टिकला मात्र ऊन जाळतं. गॅलरीची सावली, जिन्याच्या माथ्यावरची पत्र्याखालची जागा, खिडकीच्या गजाची आतली बाजू, यांपैकी काहीही चालेल. सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तर बिघडत नाही.

टांगायची कशी, हेही बघा. खांद्याच्या पट्ट्याला चिमटा लावून टांगली की ओल्या कपाचा सगळा भार पट्ट्यावर येतो आणि पट्टा लांबतो. दोन कपांच्या मधल्या जागेवरून दोरीवर टाका, एक कप इकडे, एक तिकडे. किंवा उलटी धरून छातीखालच्या पट्ट्याला दोन चिमटे लावा.

शेजारच्या खिडकीची लाज मला कळते. ती मीही सोसली आहे. पण उपाय दोरीच्या जागेत आहे. आम्ही गॅलरीत, कठड्याच्या उंचीच्या खाली, एक आडवी दोरी बांधली. तिथे वारा आहे, सावली आहे, रस्त्यावरून काही दिसत नाही, आणि ब्रावर काहीच झाकावं लागत नाही. न्हाणीघराच्या दाराआड मात्र कधीच वाळवू नका. घरातली सगळ्यात दमट जागा तीच.

खाज आणि पुरळ

छातीखाली, काखेत किंवा पट्ट्याच्या खाली चट्टा उठला तर औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं मलम लावू नका. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं. खाज चार दिवस थांबते, पण चट्टा नायट्याचा, म्हणजे बुरशीचा असेल तर तो पसरत जातो, मग साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. उपचार चालू असेपर्यंत साध्या सुती ब्रा वापरा, त्या घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळ्या, गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. इलॅस्टिक गेलं तर जाऊ द्या. त्या दिवसांत ब्रा टिकण्यापेक्षा कातडी महत्त्वाची.

पाळीपाळीने वापर

एकच ब्रा सलग दोन दिवस घालू नये. ताणलेल्या धाग्याला मूळ लांबीला यायला वेळ लागतो. तीन-चार ब्रा पाळीपाळीने वापरल्या तर प्रत्येक जास्त काळ चालते, आणि पावसाळ्यात अर्धवट ओली घालायची वेळ येत नाही.

नवी ब्रा सुलतान बाजारात घ्या नाहीतर मोठ्या दुकानात, ती सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे पट्टा सैल होईल तसं आतल्या हुकावर जाता येतं. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर घट्ट बसणारी ब्रा घेतली तर पुढची वाट बंद. माप विचारायला संकोच वाटतो म्हणून अंदाजाने घेऊ नका. घरी टेप घेऊन छातीखाली आणि छातीवर मोजा, आकडा लिहून न्या.

कपाटात कप एकात एक बसवून, ओळीने ठेवा. एक कप उलटा करून दुसऱ्यात दडपला की त्याला कायमचा खळगा पडतो.

कधी टाकायची

आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर वर चढत असेल, खांद्याचे पट्टे पूर्ण आवळूनही घसरत असतील, कपात चुण्या पडत असतील, तर ती ब्रा संपली. नीट ठेवलेली रोजच्या वापरातली ब्रा साधारण सहा महिने ते वर्षभर साथ देते. ब्राचा बराचसा आधार छातीखालच्या पट्ट्यात असतो; तो सैल झालेली ब्रा घालत राहिलं तर खांद्यांवर भार येतो आणि पट्ट्यांचे वळ उठतात. शेजारणींना मी हेच सांगते: साडीवर हजारो खर्च करताना आपण विचार करत नाही, मग रोज बारा तास अंगावर राहणाऱ्या वस्तूला जुनी झाली तरी का धरून बसायचं?

मला हे कुणी शिकवलं नाही. आईला तिच्या आईने शिकवलं नव्हतं, कारण आजीने ब्रा कधी वापरलीच नव्हती. झाकून वाळवायचं तेवढं मात्र न बोलता शिकवलं गेलं. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असेल आणि तिच्यासाठी पहिली ब्रा आणाल, तर त्याच दिवशी टबात पाणी घेऊन ती धुवायची कशी ते तिला शेजारी बसवून दाखवा, आणि गॅलरीतल्या दोरीवर तिच्यासाठी हातभर मोकळी जागा ठेवा.